छान म्हणणाऱ्यानं कप धुवायचे

परवा आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला. दुधना नदीच्या काठचा, सकाळचा, धुक्यात उभी असलेली म्हैस. टाकल्या टाकल्या अंगठे यायला लागले. ‘अप्रतिम’, ‘झक्कास’, ‘क्या बात है’, ‘नजर लागू नये’. एका बहाद्दरानं तर गुलाबाचं फूल पाठवलं. आता मला पक्कं ठाऊक होतं की फोटो भिकार आहे. म्हैस कुठं बघायलीय कळत नाही, पाणी कुठं आहे कळत नाही, आणि धुक्याचं काय घेऊन बसलात, ते तर सगळ्यांचेच दोष पोटात घालतं. कुणीतरी एवढं म्हणायला पाहिजे होतं. कुणी म्हटलं नाही. मोबाइल गल्ल्यावर ठेवला आणि पाथरीकर सरांची अशी काही आठवण आली, की खोकल्याचं औषध मागणाऱ्या बाईसमोर मी पोटदुखीची बाटली नेऊन ठेवली. बरं झालं, बाई वाचून घेणारी होती.

सरांना हे अंगठे कुणी दाखवले असते तर ते म्हणाले असते, “अंगठा कोण लावतं रे? ज्याला लिहिता येत नाही तो. तुम्हाला दोन ओळी लिहायला काय धाड भरली?”

सर राणीसावरगावच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर परभणीत येऊन राहिले. उंच, जरा वाकलेले, तोंडात कायम सुपारी. शाळेत पोरांच्या चित्रांवर लाल पेन्सिल चालवून चालवून त्यांची नजर अशी तयार झाली होती की लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते ताटाकडं बघून म्हणायचे, “चटणी डावीकडं सरकली की जरा.” फोटोचा नाद त्यांना आधीपासूनच होता. पण ते आमचे सर झाले ते दर रविवारच्या बैठकीमुळं.

बैठक म्हणजे काय, सरांच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघं. मी मेडिकलवाला, म्हणून सर मला ‘मेडिकल’च म्हणायचे. एक दातांचे डॉक्टर, त्यांच्याकडं जगातला सगळ्यात महाग कॅमेरा. संगीताबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या. आणि ज्ञानोबा, चुडाव्याचा शेतकरी. तो पॅसेंजरनं यायचा आणि मोबाइलवरच फोटो काढायचा. त्याला सर ‘चुडावा’ म्हणायचे. पोस्टकार्डाएवढे फोटो छापून आणायचे आणि लोखंडी कपाटाच्या दाराला जुन्या स्पीकरातल्या लोहचुंबकांनी चिकटवायचे. ज्याचा फोटो असेल त्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं. आणि एक कायदा होता, तो मोडला की शिक्षा. छान, सुंदर, मस्त, असलं काही जो म्हणेल त्यानं बैठक संपल्यावर सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे.

तुम्ही हसाल, पण आमच्या मराठवाड्यात पुरुषमाणसानं कप धुवायचे म्हणजे काय ते बघा. मी पहिल्या रविवारी सवयीनं ‘छान’ म्हणून बसलो आणि मागच्या अंगणातल्या नळावर धुवायला गेलो, तर शेजारची बाई भिंतीवरून बघून घरात जाऊन आणखी दोघींना घेऊन आली. आमच्या घरी ही बातमी माझ्या आधी पोचली. बायको म्हणाली, “इथं पाण्याचा पेला उचलून ठेवत न्हाई, अन् तिकडं भांडी घासायलाव व्हय?” डॉक्टर तर महिनाभर दर रविवारी नळावर. कौतुक करायची त्यांची जुनी खोड होती. फक्त ज्ञानोबानं कधी कप धुतला नाही, कारण तो कधी छान म्हणायचाच नाही. आणि दुसरे सर स्वतः.

“ह्यांनी जन्मात एक कप धुतला न्हाई,” काकू चहा आणताना म्हणायच्या. काकू म्हणजे सुमनकाकू, सरांच्या बायको. “अन् मला छान म्हणले असं तर कधी आठवतच न्हाई.”

“कायदा हाय,” सर म्हणायचे, आणि काकूंचाच पदर ओढून चष्मा पुसायचे.

मी पहिल्यांदा लावलेला फोटो अजून आठवतो. पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळाबाहेर बसलेला एक म्हातारा. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, डोक्याला लाल पागोटं. असले म्हातारे आम्हा हौशी लोकांचे फार लाडके. सरांनी बराच वेळ बघितलं.

“नाव काय ह्यांचं?”

“माहीत न्हाई, सर.”

“कुठं उभा होतास?”

“रस्त्याच्या पलीकडं. झूम केलं.”

“हां. पलीकडूनच दिसायलेत ते. सुरकुत्या आल्या, माणूस नाही आला. परत जा.”

‘परत जा’ हे त्यांचं पेटंट होतं. चूक सांगून ते थांबायचे नाहीत. पुढच्या रविवारच्या आत त्याच जागी परत जायचं आणि परत काढायचं. मला असा राग आला होता! दुकान बंद ठेवून पोखर्णीला गेलो. म्हातारा तिथंच होता. आता नाव विचारायचं म्हणजे शेजारी बसावं लागलं. किसनबुवा त्यांचं नाव. त्यांनी माझं गाव विचारलं, सोयरे विचारले, शेवटी दोघांत एक मेहुणा निघाला. मग त्यांनी मला विचारलं, “जेवलास का रं?” आणि मी तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो जरा हलला होता. कपाटावर लावला तेव्हा सर पुढं झुकले.

“हललाय.”

“हाव, सर.”

“हलू दे. आता ते तुझ्याकडं बघायलेत.”

बस्स, एवढंच. पण त्या दिवशी घरी जाताना माझी मोटारसायकल जमिनीवर चाललीच नाही.

सगळ्यांना मात्र असं गोड लागायचं नाही. डॉक्टरांनी गंगाखेडला गोदावरीवरचा सूर्यास्त आणला होता. नवीन लेन्स, सोन्यासारखं पाणी, एक होडी. सर म्हणाले, “सूर्य रोजच मावळतो. तू काय केलंस?” डॉक्टरांचा चेहरा उतरला. फोटो काढून पिशवीत घातला आणि निघून गेले ते येईचनात. फोन नाही, काही नाही. आम्ही म्हटलं, सर, जरा समजूत घाला. सर म्हणाले, “बघतो.”

आणि गेले की हे थेट दवाखान्यात! रांगेत बसले, नंबर आल्यावर खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, “आज तू बोल, मी गप्प बसतो. काय काय चुकलंय ते सांग.” एवढं म्हणून आ वासला. डॉक्टरांनी दिवा लावला आणि तिथल्या तिथं त्यांच्यातला राग संपला असावा, कारण दात बघून ते बिचारे घाबरलेच. सुपारीनं सगळी वाट लावलेली. त्यांनी एकेक दात धरून सांगितलं. हा हलतोय, हा किडलाय, ही हिरडी गेली, सुपारी आजपासून बंद. सर आ वासून ऐकत होते. खुर्चीतून उठताना म्हणाले, “छान दात आहेत म्हणून सोडलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. दात गेले असते.” आणि खरंच त्या दिवसापासून त्यांनी सुपारी सोडली. आयुष्यभराची सुपारी! पुढच्या रविवारी डॉक्टर हजर. फोटो तोच गोदावरीचा, पण सूर्याकडं पाठ करून काढलेला. होडीतून उतरणारी बाई, साडीचा ओचा धरून, चिखलात पाय टाकताना बिचकलेली. सर म्हणाले, “आता तू गंगाखेडला गेला होतास असं वाटायलंय.”

पण सरांचंही चुकायचं बरं का. लाल पेन्सिलवाला माणूस, कधीकधी भान सुटायचं. संगीताबाईंनी एकदा शाळेतल्या मुलींचा फोटो आणला. खिचडीच्या ताटांपुढं बसलेल्या मुली. सरांनी सुरुवातच केली ती उजेड मेला, चौकट वाकडी, मागं बादली कशाला, अशी. बाई ऐकता ऐकता रडायला लागल्या. आम्ही सगळे कपाटाकडं बघत बसलो. तेवढ्यात आतून काकू बाहेर. हात पिठाचे.

“काय चालवलंय हे? कान सोनारानं टोचावेत, खरं हाय, पण सोनार आधी कान बघतो तरी! त्या पोरीनं काय दाखवलं ते कुणी बघितलं का?” आणि पिठाचं बोट फोटोवर टेकवून म्हणाल्या, “ही बघा, ही शेवटची. आपल्या ताटातलं उचलून धाकटीच्या ताटात टाकायलीय. दिसली का तुमाला?”

खरं सांगतो, आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती. सरांनाही नाही. ते चष्मा पुसायला पदर शोधत होते, पण त्या दिवशी पदर काही त्यांच्या हाती लागला नाही. मग संगीताबाईंकडं वळून म्हणाले, “माझी गल्लत झाली, बाई. आजपासून कायदा बदलला. आधी काय दिसतंय ते सांगायचं. दोष मग.” तेव्हापासून बैठक तशीच चालायची. आधी दिसतंय काय, मग चुकलंय काय, मग कुठं उभं राहायला पाहिजे होतं.

आणि ह्या एवढ्या कडक माणसाला एक फोटो जन्मभर जमला नव्हता. बायकोचा.

काकू म्हणजे सतत बोलणारी, हात हलवणारी, हसता हसता डोळ्यांतून पाणी काढणारी बाई. पण कॅमेरा समोर आला की संपलं! पदर डोक्यावर, ओठ मिटलेले, नजर समोर, जणू आधारकार्ड काढायलेत. सरांनी स्वयंपाकघरात काढून बघितलं, गच्चीवर काढून बघितलं, झोपलेल्या असताना काढायला गेले तर त्या झोपेतसुद्धा ताठ झाल्या म्हणे. दर दिवाळीनंतरच्या रविवारी ते त्या वर्षीचा फोटो कपाटावर लावायचे आणि कायद्याप्रमाणं गप्प बसायचे. आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. शेवटी ज्ञानोबाच बोलायचा.

“लुगडं दिसायलंय. कुकू दिसायलंय. काकू काही दिसंनात, सर.”

“बरोबर हाय तुझं, चुडावा,” सर म्हणायचे. “परत जातो.”

अहो, एका घरात राहायचं, एका ताटलीतलं खायचं, आणि म्हणायचं परत जातो! आम्ही हसायचो. काकू सगळ्यात मोठ्यानं हसायच्या.

मग सरांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. औषधं मीच द्यायचो, म्हणून मला बाकीच्यांच्या आधी कळलं. थेंब घालून घालून तो नुसता लांबवायचा असतो, गेलेलं परत येत नाही. नजर बाजूंनी मिटत मिटत आत येते. सर म्हणायचे, “देव माझी चौकट लहान करायलाय, मेडिकल. कडेचं सगळं कापायलाय.” हैदराबादला असलेली त्यांची मुलगी म्हणायला लागली, दोघं इकडे या. काकूंना पटलं होतं. सर टाळायचे. एक दिवस दुकानात थेंबाची बाटली घ्यायला आले, बाकड्यावर बसले आणि आपणहून बोलायला लागले.

“तिचा एक फोटो झाला की जातो.”

मी म्हटलं, “सर, आहेत की एवढे.”

“त्यात ती नाही. तुम्हीच म्हणताव ना? मला पुढं दिसणार नाही, ते ठाऊक आहे मला. माझ्यासाठी नकोच आहे तो. पण उद्या ते फोटो बघून पतवंडं म्हणतील, आजीबाई लय कडक होती. अशी नव्हती रे ती. ती कशी होती ते मला एकट्यालाच माहीत आहे, अन् माझेच डोळे चाललेत.”

मी उगाच बाटली कागदात गुंडाळत राहिलो.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी किती फोटो काढले असतील! सगळे ताठ, सगळे आधारकार्ड. काकूंनाही आता त्यात काय अडकलंय ते कळलं होतं, आणि कळल्यामुळं त्या आणखीच ताठ व्हायच्या. हसायचा प्रयत्न करायच्या आणि डोळे भरून यायचे. एका रविवारी सरांनी कपाटावरच्या फोटोला हात लावून विचारलं, “उलटा तर नाही ना लावला?” तेव्हा आम्हाला कळलं की नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळत होता. बैठक मात्र त्यांनी सोडली नाही. आम्ही काय दिसतंय ते सांगायचो, ते ऐकायचे आणि विचारायचे, “कुठं उभा होतास?” आणि नेमका दोष काढायचे, बघा! कायदा काकूंनी बदलून दिला होता, तो असा कामी आला.

हैदराबादला जायचं ठरलं. सामान बांधायला लागले. कॅमेरा विकून टाका म्हणाले, तो डॉक्टरांनी घेतला. पण सरांना हातात काही नसलं की करमेना, म्हणून मी माझा जुना लहान कॅमेरा त्यांना नेऊन दिला. तो हातात धरून ते अंगणात बसायचे. कधीकधी बटण दाबायचे. काकू म्हणायच्या, “काढा काय काढायचं ते. आता तुमाला दिसतंय कुठं!”

जायच्या आदल्या आठवड्यात मी कॅमेरा परत आणला आणि दुकानात बसून आतलं बघायला लागलो. भिंत. आभाळ. नळ. काकूंचं कोपर. परत भिंत. आणि मग एक फोटो आला, आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाइकासमोर रडणं बरं दिसत नाही.

सरांना फोन करून म्हटलं, एक छापून आणतो. ते एकदम म्हणाले, “काय आहे ते सांगू नको. कपाटावर लाव.”

शेवटच्या रविवारी खोलीत गाठोडी, खोकी, सतरंजी गुंडाळलेली. कपाट तेवढं जागेवर होतं. काकूंनी चहा दिला आणि दारात उभ्या राहिल्या. मी फोटो लावला. सर खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

“सांगा,” ते म्हणाले. “आधी काय दिसतंय ते.”

संगीताबाईंनी सुरुवात केली. “काकू अंगणात बसल्यात, सर. पुढ्यात सूप. ज्वारी निवडायल्यात.”

“तोंड उघडंय,” डॉक्टर म्हणाले. “काहीतरी बोलतायत. हात वर आहे. चिमटीत खडा असावा.”

“पदर खांद्यावर घसरलाय,” मी म्हटलं. “हसायल्यात. म्हणजे रागवायल्यात अन् हसायल्यात.”

“डोळे?” सरांनी विचारलं.

मग ज्ञानोबा म्हणाला, “तुमच्याकडं बघायल्यात, सर. तुमी पडताव का काय, असं.”

सरांनी घसा साफ केला.

“दोष.”

“चौकट तिरकी आहे,” डॉक्टर म्हणाले. “लय तिरकी. सूप अर्धं कापलं गेलंय. अन् खालच्या कोपऱ्यात गुडघा आलाय.”

“कुणाचा?”

“तुमचा, सर.”

“कुठं उभा होतो मी?”

“उभे नव्हताव,” मी म्हटलं. “बसले होताव. सुपाच्या अलीकडं. त्याच्यापेक्षा जवळ कुणाला बसताच आलं नसतं.”

“मग?” सर म्हणाले. मान जरा वर केलेली, आवाजाच्या दिशेनं. “आली का ती? खरं सांगा रे. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.”

बाहेरून एक रिक्षा गेली. ज्ञानोबानं चहा संपवला. कधी कुणाच्या फोटोला छान न म्हटलेला तो माणूस, उठला, धोतर सावरलं आणि म्हणाला, “छान हाय, सर.” आणि आपला कप उचलला, माझा घेतला, आणि मागच्या अंगणात निघून गेला.

“छान,” संगीताबाई म्हणाल्या आणि उठल्या. “सुंदर आहे, सर,” डॉक्टर म्हणाले आणि उठले. मीही त्यांच्या मागं गेलो. नळाला धार बारीक, धुणारे सगळेच, नुसती ढकलाढकली. शेजारच्या भिंतीवरून ती बाई परत डोकावली. खुशाल बघ म्हटलं.

आतून सरांचा आवाज आला, “कोण धुवायलंय गं?”

“समदेच,” काकू म्हणाल्या. “समदेच धुवायलेत.”

मग खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. वळून बघितलं तर सर येत होते. एक हात भिंतीवरून फिरवत, दुसऱ्या हातात त्यांचा कप, बशीवर खडखड वाजणारा. काकू मागं, पण त्यांनी हात धरला नाही. नळापाशी येऊन त्यांनी माझ्या खांद्याला चाचपून बघितलं.

“सरक जरा, मेडिकल,” ते म्हणाले. “मलाही धुवायचाय.”